एक्स्पोजरने रिक्षाचं भाडं भरायचं का?

पुण्यातल्या कॅफेवाल्यांनो, आम्हा बँडवाल्यांना मानधनाऐवजी 'एक्स्पोजर' (म्हणजे नुसती प्रसिद्धी) देणं पुरे झालं हो! ॲम्प, ड्रमचे स्नेअर, सिंबल्स रिक्षात कोंबून यायचं, त्याचे पैसे कोण देणार? साउंडचेक सातचा, साउंडवाला उगवणार साडेआठला. मॉनिटर (आमचा आवाज आम्हालाच ऐकवणारा स्पीकर) एकच, तोही खरखरणारा. गायिकेला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, आणि सूर हलला की नावं आम्हाला! त्यात गच्चीवरचा शो, म्हणजे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ला स्पीकर बंद. (नियम योग्यच आहे, पण उशीर कुणाचा?) उरलेल्या चार गाण्यांत फर्माईश, "दादा, हिंदी काहीतरी वाजवा ना!" अहो, पोस्टरवर 'स्वतःची मराठी गाणी' ठळक छापलंय! वर मॅनेजर विचारणार, "माणसं किती आणलीत?" गिऱ्हाईक आम्ही आणायचं, गल्ला तुमचा, आणि आम्हाला दोन कूपनं. तीही फक्त कोल्ड कॉफीची!