टॉमी जॉन म्हणजे नुसती शस्त्रक्रिया नव्हे

तुमच्या लेखात अमेरिकी बेसबॉलपटू टॉमी जॉनची ओळख 'ज्याच्या नावाची कोपराची शस्त्रक्रिया आहे तो पिचर' (म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा) एवढ्यावरच आटोपली, याचं मनापासून वाईट वाटलं. अहो, हा माणूस खेळाडू म्हणून केवढा मोठा होता!

जुलै १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडून खेळताना, ज्या हाताने तो चेंडू टाकायचा त्या डाव्या हाताच्या कोपराचं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) तुटलं, तेव्हा त्या मोसमात त्याच्या नावावर १३ विजय आणि फक्त ३ पराभव होते (बेसबॉलमध्ये सामन्याचा निकाल पिचरच्या नावावरही मांडतात). डॉ. फ्रँक जोब यांनी उजव्या हाताचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढला, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यातून दोरीसारखा ओवला. असं आधी कुणी केलेलंच नव्हतं. नंतर मज्जातंतूच्या त्रासामुळे डाव्या हातावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. १९७५ चा अख्खा मोसम गेला.

आणि पुढे? १९७७ मध्ये २० विजय! एकूण २८८ पैकी १६४ विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. १९८९ पर्यंत, म्हणजे वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत तो खेळला. चेंडू भन्नाट वेगाचा कधीच नव्हता, पण फलंदाजापाशी येता येता असा खाली बुडायचा की फटका जमिनीलगतच जायचा.

तरीही हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलच्या महान खेळाडूंचं सन्मानदालन) पत्रकारांच्या मतदानात तो १५ वर्षं उभा होता आणि निवडला गेला नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.