'डेब्ट' म्हणणाऱ्याला हसण्याआधी

मीटिंगमध्ये कुणी debt, म्हणजे कर्ज, या शब्दाला 'डेट' न म्हणता 'डेब्ट' म्हणालं की बाजूचे दोघंतिघं एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसतात ना, ही पोस्ट त्यांच्यासाठी. बी सायलेंट आहे हे मान्य, पण तो तिथे आला कुठून हे विचारा त्यांना एकदा.

तो मुळात नव्हताच! इंग्रजांनी फ्रेंचमधून उचललेला शब्द 'डेट', स्पेलिंगमध्येही बी नाही. मग लॅटिनचं वेड लागलेल्या पंडितांना वाटलं की लॅटिनमध्ये 'डेबिटम' आहे तर आपल्याकडेही बी दिसलाच पाहिजे, आणि १५व्या-१६व्या शतकाच्या सुमारास तो घुसला. लोक बोलत राहिले पूर्वीसारखंच, बी मात्र पोरांच्या मानगुटीवर कायमचा बसला. 'डाउट'मधला बी, 'रिसीट'मधला पी, ही पण त्याच मंडळींची करणी, त्यातही धड शिस्त नाही, म्हणजे 'रिसीट' आणि 'डिसीट' एकाच खानदानातले पण पी टिकला फक्त पहिल्यात. आणि 'आयलंड'मधला एस तर चक्क चुकून आलाय, शब्द अस्सल जुना इंग्रजी, पण दिसायला फ्रेंचकडून आलेल्या 'आइल'सारखा म्हणून त्याच्याशी सोयरीक जुळवली, जी कधी नव्हतीच.

पण मला खरा राग येतो तो 'फॉल्ट'वरून. तो पण आधी 'फॉट'सारखाच काहीतरी होता, त्यात असाच लॅटिनच्या नावाने एल घातला, बरीच वर्षं तो सायलेंट होता, मग लोक बघून बघून एल उच्चारायला लागले आणि आज तोच उच्चार शुद्ध! 'हर्ब'चं पण तेच, ब्रिटिश पूर्वी एच म्हणत नसत, स्पेलिंग बघून म्हणायला लागले, अमेरिकन अजून 'अर्ब'च म्हणतात आणि त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही. म्हणजे स्पेलिंग बघून उच्चार गोऱ्यांनी केला की ती भाषेची वाटचाल, आणि आमच्या मराठी मीडियमवाल्याने केला की 'काय रे, इंग्लिश कच्चं का?'

अरे, त्याच्या कानावर इंग्रजी पडलं कधी? राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, त्याआधी थेट पाचवीत, तेही पुस्तकातून, 'वेड-नेस-डे' अशी स्पेलिंगं घोकून. डोळ्यांनी शिकलेली भाषा डोळ्यांना दिसते तशीच बोलली जाणार की.

जे कानाने आलं ते बघा. 'कर्नल', स्पेलिंग colonel. इटालियनमध्ये एल, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा आर झाला, इंग्रजांनी दोन्ही रूपं वापरली आणि शेवटी स्पेलिंग एकाचं ठेवलं, उच्चार दुसऱ्याचा. यापेक्षा वेडंवाकडं स्पेलिंग शोधून सापडणार नाही, तरी आपल्याकडे खेड्यातला म्हातारासुद्धा 'कर्नलसाहेब'च म्हणतो, 'कोलोनेल' म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही.