मान हलवू नकोस

शाळेच्या शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत मी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत बिनपगारी मदतनीस म्हणून रुजू झालो. दोन महिन्यांत आपल्याला समोरच्याच्या मनातलं ओळखता येईल, अशी माझी समजूत होती. घरच्यांची समजूत माझ्याही पुढे गेलेली. आई माझ्याशी बोलताना नजर चुकवू लागली. काका म्हणाले, "सांग बघू, आत्ता माझ्या मनात काय आहे?" ते मला शिकल्याशिवायही सांगता आलं असतं, पण वडीलधाऱ्यांचा मान राखून गप्प बसलो.

पहिल्या आठवड्यात मनाशी काही संबंध आला नाही. आला तो कागदांशी. मी अठराच्या आतला, म्हणून आधी आईवडिलांच्या सह्या. मग माणसांवर संशोधन करताना काय करायचं नाही याचा अभ्यासक्रम, त्याच्या शेवटी परीक्षा. त्यात १९२० सालचा वॉटसन आणि रेनर यांचा प्रयोग होता. अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलासमोर पांढरा उंदीर सोडायचा, तेवढ्यात मागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. पोराने उंदराची धास्ती घेतली आणि ती न घालवताच प्रयोग आटोपला. हे वाचून मी भलताच गंभीर झालो. माणसाचं मन आता आपल्या हाती! दुसऱ्या दिवशी माझ्या हाती आल्या चाळीस प्रश्नावल्या आणि एक स्टेपलर.

प्रश्नावलीतली उत्तरं संगणकात भरायची होती. काही विधानं उलटी असतात. 'मला सतत काळजी वाटते' याला पाच म्हणजे पाच, पण 'मी सहसा शांत असतो' याला पाच म्हणजे एक. मी इमानेइतबारे सगळी उलटी विधानं उलटवून भरली. पीएचडी करणाऱ्या ताईने त्यासाठी आधीच सूत्र घालून ठेवलं होतं, म्हणजे माझं उलटवलेलं संगणकाने पुन्हा उलटवलं. चाळीसच्या चाळीस माणसं एका दुपारीत सारखी निघाली, ना धड शांत, ना धड अस्वस्थ. ताई बराच वेळ पडद्याकडे बघत होती. त्या क्षणी तिच्या मनात काय होतं ते मात्र मी अचूक ओळखलं.

म्हणून माझी बदली झाली ती थेट माणसांसमोर. काम वरवर सोपं. सहभागी आला की त्याला बंद पाकीट द्यायचं. तो आतला कागद वाचतो. मग पडद्यावर 'लाल' हा शब्द निळ्या रंगात उमटतो, आणि त्याने शब्द न वाचता रंग सांगायचा, 'निळा'. स्ट्रूपने १९३५ साली हे प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून शहाणीसुरती माणसं या खेळात तत-पप करत आली आहेत. अडखळलं की मी फुली मारायची.

पाकिटं दोन प्रकारची होती. कुठल्या पाकिटात काय, हे मला सांगायचं नाही असं ठरलेलं. आपण शोधतोय तरी काय, हेही सांगायचं नाही. शेजारपाजारचे विचारत, "कशावर संशोधन चाललंय?" मी म्हणे, "माहीत नाही. माहीत नसणं हेच माझं काम आहे." त्यावर लोक आईकडे सहानुभूतीने बघत.

खरा छळ पुढेच होता. मला एक छापील कागद दिला होता, त्यातला शब्दन् शब्द तसाच म्हणायचा. "इथे कोणतंही उत्तर बरोबर किंवा चूक नाही. आपल्याला जे वाटेल ते सांगावं." नंतर तोंड बंद. हसायचं नाही, 'वा' म्हणायचं नाही. आणि ताईची आवडती सूचना, "मान हलवू नकोस."

आता मी जन्मजात मान हलवणारा. वर्गात शिक्षकांना सगळं मलाच कळतंय असं वाटायचं ते याच गुणामुळे. मी म्हटलं, मानेने काय होतंय? तेव्हा तिने मला हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट सांगितली. बर्लिनमधला हा घोडा खुराने ठोके देऊन बेरजा करायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्टने छडा लावला की घोड्याला गणित येत नव्हतं, प्रश्न विचारणाऱ्याची मान वाचता येत होती. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं, तर घोडाही नापास. कहर म्हणजे एवढं सगळं कळल्यावरही खुद्द फुंग्स्टची मान हलायची थांबेना!

मग माझी काय कथा? मी आरशासमोर दगडी चेहऱ्याचा सराव केला. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी मध्येच थांबून विचारलं, "बाळा, तुला बरं वाटत नाहीये का?" कागदात यावर वाक्य नव्हतं. मी म्हणालो, "इथे कोणतंही उत्तर बरोबर किंवा चूक नाही."

सगळ्यात झोंबायचं ते शेवटी. प्रयोग संपला की सहभागीला खरा हेतू समजावून सांगतात. हा त्याचा हक्क आहे आणि तो असायलाच हवा. ताई आत येई आणि मी बाहेर जाई. दाराआडून "अच्छा, म्हणजे असं होय!" असा उद्गार येई. मग अर्ध्या तासापूर्वी लाल आणि निळ्यात गोंधळलेला तो माणूस बाहेर येऊन माझ्याकडे बघून मंद हसे. पन्नासेक माणसं अशी सर्वज्ञ होऊन माझ्यासमोरून गेली. एका बाईंनी तर माझ्या खांद्यावर थोपटलंसुद्धा.

शेवटच्या दिवशी ताईने मलाही समोर बसवून सगळं सांगितलं. मीही म्हटलं, "अच्छा, म्हणजे असं होय!" दारापाशी नव्याने आलेली एक शाळकरी मुलगी स्टेपलर घेऊन उभी होती. तिच्याकडे बघून मी मंद हसलो.

घरी आलो तर आई नवा चष्मा लावून आरशासमोर उभी. "कसा दिसतोय रे?"

दोन महिन्यांची सवय. चेहरा दगड, आवाज सपाट. "इथे कोणतंही उत्तर बरोबर किंवा चूक नाही. आपल्याला जे वाटेल ते सांगावं."

आईचा प्रतिसाद एका सेकंदाच्या आत आला, टपलीच्या स्वरूपात. आणि मान हलली.