सेरोटोनिनचा वाद इंग्लंडचा, टंचाई सोलापूरची

जुलै २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील जोआना मॉन्क्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला आणि नैराश्य हे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या कमतरतेमुळे होते याला सुसंगत पुरावा नाही, असा निष्कर्ष मांडला. इंग्लंडमध्ये औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करताना मला त्या काळात हाच प्रश्न वारंवार ऐकावा लागला: मग या नैराश्यावरच्या गोळ्या आम्ही कशासाठी घेतो आहोत? सोलापूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र तोच निष्कर्ष 'नैराश्य वगैरे काही नसते, सगळा कंपन्यांचा धंदा आहे' अशा रूपात पोचला आणि अजूनही अधूनमधून फिरत असतो. जिथे गोळ्यांचा अतिरेक झाला आहे तिथला हा वाद जिथे उपचारच पोचलेले नाहीत तिथे जसाच्या तसा नेला, तर त्यातून शहाणपण नव्हे, हानीच होईल, असे माझे मत आहे.

मुळात मेंदूविज्ञानाने ही गोष्ट इतकी सरळ कधीच मानलेली नव्हती. १९५० च्या दशकात क्षयरोगावरील इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची मनःस्थिती सुधारते, असे योगायोगाने लक्षात आले; त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांना इमिप्रामिन या औषधाचा तसाच गुण दिसला; आणि ही औषधे मेंदूतील रसायनांत काय बदल घडवतात यावरून आजाराचे कारण उलट्या दिशेने ताडले गेले. नैराश्यावरील फ्लुओक्सेटिनसारखी गोळी सेरोटोनिनच्या व्यवहारात काही तासांतच बदल करते, पण रुग्णाला बरे वाटू लागायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात, ही अडचण अभ्यासकांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होती. ती सामान्य माणसाला कुणी सांगितली नाही आणि जाहिरातींनी 'रसायनांचे बिघडलेले संतुलन' हेच सूत्र त्याच्या गळी उतरवले, हा दोष मात्र मान्यच करायला हवा. आता अभ्यासाचा रोख मज्जापेशींच्या आपसांतील जोडण्या कशा झिजतात आणि पुन्हा कशा धरतात याकडे वळला आहे. हेलसिंकी येथील एरो कास्ट्रेन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले की नैराश्यावरील अनेक औषधे, आणि भुलीसाठी वापरले जाणारे केटामीनसुद्धा, पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या बीडीएनएफ या प्रथिनाचा संदेश पेशीवर झेलणाऱ्या रेणूला थेट जाऊन चिकटतात. २०२५ च्या आरंभी २९ देशांतील ५० लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून नैराश्याशी संबंधित सुमारे ७०० जनुकीय बदल नोंदवले गेले. त्यांतील प्रत्येकाचा वाटा अगदी किरकोळ आहे. एकच रसायन, एकच जनुक, एकच कारण अशी अपेक्षा ठेवणाऱ्याला हे संशोधन निराश करील.

कारणाचा उलगडा झाला नाही म्हणून उपचार खोटा ठरत नाही. पॅरासिटामॉल नेमके कसे काम करते हे अजूनही पुरते उलगडलेले नाही, तरी ताप आल्यावर कुणी ते नाकारत नाही. आंद्रेआ सिप्रियानी या संशोधकांनी २०१८ मध्ये नैराश्यावरील औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा २१ औषधांपैकी प्रत्येक औषध, औषध नसलेल्या नुसत्या नावापुरत्या गोळीपेक्षा सरस ठरले. हा फरक सरासरीने माफक होता आणि बहुतेक चाचण्या सुमारे आठ आठवड्यांच्याच होत्या, हेही त्याच वेळी सांगायला हवे.

इंग्लंडमध्ये वर्षाला ८० लाखांहून अधिक लोकांना ही औषधे लिहून दिली जातात. सौम्य नैराश्यात रुग्णाचीच इच्छा असल्याखेरीज गोळीने सुरुवात करू नये, अशी सूचना उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये केली. गोळी सोडताना होणारा त्रास काहींना तीव्र आणि दीर्घ असू शकतो, हे तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ मध्ये उशिरा का होईना मान्य केले. ही आत्मपरीक्षणाची भाषा मला आवडते. मात्र सूचना करणाऱ्या या देशात २००८ पासून बोलून उपचार करण्याची सार्वजनिक, मोफत व्यवस्था उभी आहे. तिथे रांगा आहेत, तक्रारी आहेत, पण 'गोळी नको' म्हटल्यावर जायला दुसरे दार आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईसमोर असे कोणते दार आहे? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले. गोळी फसवी आहे हे तिला सांगणारे पुष्कळ भेटतील. गोळी सुरू असेल तर ती एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी, हे सांगणारा भेटणे कठीण. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईचा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, आणि दर खेपेला थोड्याच दिवसांची औषधे हातात पडली तर उपचार दुसऱ्या महिन्यातच सुटणार. माझे काही जुने मित्र कामगार चळवळीत आहेत. ते म्हणतात, गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागावर पोट भरत नाही, अशा वेळी समुपदेशन म्हणजे मलमपट्टी. मजुरी वाढवा, नैराश्य आपोआप उतरेल. गरिबी आणि नैराश्य एकमेकांना पोसतात, हे त्यांचे म्हणणे पुराव्याला धरूनच आहे. पण ज्या माणसाला अंथरुणातून उठवत नाही, तो मोर्चालाही येऊ शकत नाही, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही.

उत्तर सोलापूरहून फार लांब नाही, गोव्यात आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून सहा ते आठ बैठकांचा उपचार करून पाहिला. त्यात मनाचा ठाव घेण्याऐवजी बंद पडलेली कामे, भेटीगाठी आणि दिनक्रम थोडाथोडा पुन्हा सुरू करण्यावर भर होता. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. परदेशात गाजणाऱ्या एस्केटामीनच्या, म्हणजे केटामीनच्याच एका रूपाच्या, नाकात मारायच्या फवाऱ्याबद्दल सोलापुरातून मला उत्सुकतेने विचारले जाते. ते औषध देखरेखीखाली घ्यावे लागते, नंतर किमान दोन तास थांबवून ठेवतात, आणि हट्टी नैराश्यासाठीसुद्धा इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत त्याची शिफारस झालेली नाही. आपल्याला त्याची घाई नाही.

गोव्याचा नमुना सोलापुरात आणायचा तर एक अडचण आमच्या गावाची म्हणून खास आहे. पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, बाकी मराठी आणि दखनी. अंधारलेल्या मनाचे बोलणे माणूस घरच्याच भाषेत करतो. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत बोलता येते, ही मोठी सोय आहे; पण समोर बसून आठ आठवडे पाठपुरावा करणारी बाई त्याच वस्तीतली हवी. गोव्यात हे काम करणारे लोक त्यासाठीच नेमलेले होते. सोलापुरात ते आशाताईंच्या आधीच लांबलेल्या यादीत विनामोबदला आणखी एक ओळ म्हणून घातले गेले, तर नोंदवहीत आठही बैठका झालेल्या दिसतील आणि वस्तीत एकही झालेली नसेल.