मावशी, तो डबा आधी उघड

ईदच्या सकाळी शेजारच्या भाभींकडून शिरखुर्मा आला. स्टीलचा डबा, वर क्रोशाचा रुमाल. दरवर्षी मावशीच तो पहिल्यांदा उघडते आणि वरची चारोळी मटकावते. यंदा तिने तो ओट्यावर तसाच ठेवला आणि मला मोबाइल दाखवला. 'इस्लामची ५ गुपितं, १० जणांना पाठवा.' पाचांतल्या दोन तर नुसत्या शिव्या आहेत, त्या सोडतो.

म्हणे, 'परधर्मीयाला अन्न देताना त्यात थुंकणं हे त्यांच्यात पुण्य.' कुठे लिहिलंय? ना आयत, म्हणजे कुराणातलं वचन, ना हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद. लिहिलंय ते नेमकं उलट. सहीह बुखारी हा सुन्नी मुसलमान कुराणाखालोखाल प्रमाण मानतात तो हदीससंग्रह. त्यात पैगंबरांनी बजावलंय, पाणी पिताना भांड्यात श्वास सोडू नका. थुंकणं राहिलं बाजूला, श्वाससुद्धा नको! आता, आयत म्हणून पाण्यावर फुंकर घालतात, हे खरं आहे. त्याला दम करणं म्हणतात. पण ते आजाऱ्यासाठी, कुणी मागितलं तर. संध्याकाळच्या नमाजनंतर मशिदीच्या दाराशी तापाने फणफणलेली लेकरं घेऊन आया उभ्या असतात, त्यांत कुंकू लावलेल्याही असतात. आणि मावशी, माझी दृष्ट काढताना थू-थू कोण करायचं गं?

पुढे, 'रोज्यात थुंकी गिळता येत नाही, म्हणून दिवसभर थुंकत फिरतात.' स्वतःची लाळ गिळून रोजा मोडत नाही, कुठल्याही मौलवींना विचार. काही जण उगाच जास्तीचं सोवळं पाळून थुंकतात, तेही मी पाहिलंय. पण आपल्या जिन्याचे कोपरे बाराही महिने रंगवणाऱ्यांचा कुठला रोजा असतो?

राहिला 'अजानमधला अकबर बादशहाचा जयजयकार'. कपाळावर हात मारावा असा प्रकार. अकबर म्हणजे सर्वांत मोठा, आणि ते अल्लाहबद्दल म्हटलंय. आपल्या संत कबीरांचं नावही त्याच धातूतलं. अजान सातव्या शतकात मदिनेत सुरू झाली, बादशहा जन्मला १५४२ मध्ये. त्याने स्वतःच्या नाण्यांवर 'अल्लाहु अकबर' छापलं आणि त्यातला श्लेष तेव्हाच्या लोकांनाही खटकला होता, एवढं मान्य. पण ती कोटी बादशहाची. बांग देणाऱ्याच्या माथी कशाला?

डबा अजून ओट्यावरच आहे. दुधाचं आहे ते, आणि बाहेर ऊन चढलंय.