कॅलरी, आतडे आणि जेवणानंतरची साखर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण तिच्यातला एक आक्षेप मला मान्य करावा लागणार हे पहिल्याच वाचनात लक्षात आले होते आणि तो कुठवर मान्य करायचा हे ठरवण्यासाठी जुनी टिपणे पुन्हा काढावी लागली. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. लठ्ठपणात रक्तशर्करा का बिघडते याची चर्चा करताना मी आहार आणि आतडे यांच्या नात्यावर भर दिला होता. आपले म्हणणे असे की साखर बिघडते ती साठलेल्या चरबीमुळे आणि चरबी साठते ती जादा कॅलरींमुळे. आतडे ही अन्न आत घेणारी नळी आहे. मी दिलेला बराचसा पुरावा उंदरांवरचा आहे. आणि अशा लेखांमुळे वजन उतरवण्याचे कष्ट टाळणाऱ्यांना आयती सबब मिळते.

आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आपण दिलेलाच नाही, म्हणून तो मीच आधी मांडतो. २०११ साली न्यूकॅसल विद्यापीठात रॉय टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांना आठ आठवडे दिवसाला जेमतेम ६०० कॅलरींवर ठेवले. पहिल्या सात दिवसांतच उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली आणि यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली. दुसरा पुरावा मला अधिक अडचणीचा आहे. जठर लहान करून अन्नाचा मार्ग वळवणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेनंतर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत साखर सुधारते, आणि यावरून आतड्याचा स्वतंत्र प्रभाव सिद्ध होतो, असे मी लिहिले होते. ते विधान माझ्या हातून अधिक ठाम झाले. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण कित्येक दिवस जवळजवळ काहीच खात नाही, आणि तेवढ्या उपासानेही साखर उतरते, हे टेलर यांच्याच आकड्यांतून दिसते. २०२० साली अमेरिकेत सेंट लुइस येथील संशोधकांनी दोन गटांची तुलना प्रसिद्ध केली. एका गटाने शस्त्रक्रियेने, तर दुसऱ्याने केवळ आहाराने सुमारे १८ टक्के वजन कमी केले होते. यकृत आणि स्नायूंची इन्सुलिनला मिळणारी साथ आणि इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाचे काम या बाबतींत दोन्ही गटांतली सुधारणा सारखीच निघाली. तेव्हा वजन उतरवणे हा मुख्य उपाय आहे, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे.

मात्र यापुढे जाऊन आतड्याला नळी ठरवणे मला पटत नाही. उपाशीपोटीची साखर मुख्यतः यकृताच्या हाती असते, पण जेवणानंतरच्या दोन-तीन तासांत काय घडते याचा हिशेब वेगळा आहे. प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात उपाशीपोटी जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असते. तपासणीसाठी प्रयोगशाळेत जे गोड पाणी पाजतात त्यात ७५ ग्रॅम असते. म्हणजे रक्तात एरवी असते त्याच्या पंधरा पटींहून अधिक साखर काही मिनिटांत पोटात जाते, तरीही निरोगी माणसाची पातळी दुप्पटही होत नाही. जठराचे तोंड ती थोडी थोडी पुढे सोडते, आतड्याच्या अस्तरातील वाहक प्रथिने ती सोडियमच्या जोडीने पेशीत ओढतात, आणि ती यकृतापर्यंत पोहोचण्याआधीच आतडे स्वादुपिंडाला सूचना धाडते. १९६४ साली दाखवले गेले की तोंडावाटे दिलेले ग्लुकोज शिरेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा कितीतरी अधिक इन्सुलिन स्रवायला लावते. हा फरक घडवणारी जीआयपी आणि जीएलपी-१ ही संप्रेरके आतड्याच्या अस्तरातच तयार होतात. नुसत्या नळीला हे जमले नसते.

आता आपला मूळ मुद्दा घेऊ : कॅलरी त्याच, तर परिणामही तोच. १९७७ साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग मला फार आवडतो. दहा निरोगी माणसांना तेवढीच कर्बोदके तीन रूपांत दिली : अखंड सफरचंद, सफरचंदाचा लगदा आणि चोथा काढलेला रस. रस संपवायला सफरचंद खाण्याच्या अकरावा हिस्साच वेळ लागला. इन्सुलिन रसानंतर अधिक उसळले, आणि मग साखर उपाशीपोटीच्या पातळीच्याही खाली घसरली; अखंड फळानंतर तशी घसरण दिसली नाही. ही माणसे लठ्ठ नव्हती, हे खरे. पण अन्नाची बांधणी मोडली की साखर आतड्यात किती वेगाने पोहोचते एवढे त्यातून कळते आणि लठ्ठपणात हा वेग अधिकच महत्त्वाचा ठरतो. अतिलठ्ठ व्यक्तींच्या लहान आतड्याच्या वरच्या भागात ग्लुकोज ओढणारे वाहक अधिक आढळले आहेत आणि त्यांच्यात साखरेचे शोषणही जलद होते. सगळी साखर वरच्याच भागात ओढली गेली, तर खालच्या भागापर्यंत फारसे काही पोहोचत नाही, आणि जीएलपी-१ तयार करणाऱ्या पेशी दाटीने असतात त्या खालच्याच भागात.

शोषणाची जागा बदलली तर काय होते हे पाहण्यासाठी अकार्बोज या मधुमेहावरच्या गोळीचा विचार करा. ती पिष्टाचे विघटन लांबवते, म्हणजे शोषणाची जागा आतड्यात खाली सरकवते. यापलीकडे तिला फारसे काम नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांपैकी ही गोळी घेणाऱ्यांत मधुमेहाची जोखीम सुमारे एक चतुर्थांशाने घटली, आणि वजनातला फरक नाममात्र होता. (तिच्यामुळे पोटात वायू धरतो ही तक्रार सर्वश्रुत आहे. न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागल्याची ती पावतीच समजावी.)

आतडे स्वतःही साखर वापरते, हा आणखी एक पैलू. किरणोत्सारी ग्लुकोज टोचून काढलेल्या पेट स्कॅनमध्ये (साखर जास्त ओढणारा भाग या तपासणीत उजळ दिसतो) मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्या रुग्णांचे आतडे इतके उजळ दिसते की त्याआड एखादी गाठ लपू नये म्हणून तपासणीआधी सुमारे दोन दिवस ते औषध थांबवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. यकृतावर काम करणारे म्हणून आपण ओळखतो त्या औषधाचा आतड्यावरचा हा ठसा डोळ्यांना दिसणारा आहे.

उंदरांविषयीचा आपला आक्षेप मात्र मी शिरोधार्य मानतो. लठ्ठ उंदरांचे जिवाणू जंतुरहित उंदरांत घातले की त्यांची चरबी वाढते, हे २००६ साली दिसले आणि त्यावर प्रचंड गाजावाजा झाला. जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांच्या गुणोत्तरावरून लठ्ठपणा ओळखता येतो, असे मीही त्या भरात लिहून गेलो. माणसांवरच्या अभ्यासांत ते गुणोत्तर टिकलेले नाही. सडपातळ दात्यांचे जिवाणू चयापचय बिघडलेल्या पुरुषांच्या आतड्यात सोडले, तेव्हा सहा आठवड्यांनी इन्सुलिनची परिणामकारकता वाढली होती, पण वजन हलले नाही, आणि पुढच्या अभ्यासात ती सुधारणाही १८ आठवड्यांत ओसरली. चोथ्यापासून जिवाणू जी ब्युटिरेटसारखी मेदाम्ले बनवतात ती मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन आहेत, हे पक्के आहे. माणसाच्या वजनावर त्यांचा मोठा परिणाम होतो, असे म्हणण्याजोगा पुरावा माझ्याकडे नाही.

सबबीच्या मुद्द्यावर मला कमी बोलायचे आहे. २०१९ साली अमेरिकेतील संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियित (कारखान्यात तयार झालेले) आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. समोर ठेवलेल्या ताटांतली साखर, मेद, चोथा आणि कॅलरी यांचा मेळ जुळवलेला होता, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियित अन्नावर त्याच माणसांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. दोन आठवड्यांत कोणाची इच्छाशक्ती बदलली नव्हती, अन्न बदलले होते. कॅलरी मोजाव्यात हे आपले म्हणणे रास्तच आहे. किती कॅलरी पोटात जाणार हे काही अंशी अन्नच ठरवते, एवढीच त्याला माझी जोड.

शेवटी आपण उपरोधाने विचारले आहे की आधी भाज्या आणि मग पाव खाल्ल्याने वजन उतरणार का. २०१५ सालच्या एका लहान अभ्यासात मधुमेह आणि लठ्ठपणा असलेल्या ११ जणांनी भाज्या व प्रथिने आधी खाऊन पंधरा मिनिटांनी पाव आणि संत्र्याचा रस घेतला, तेव्हा तासाभरानंतरची साखर उलट क्रमाच्या तुलनेत सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आली. त्यांनी साखर मोजली होती, वजन नव्हे. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘त्या अभ्यासावरून तसे म्हणता येत नाही’ असेच द्यावे लागेल, आणि मूळ लेखात मी मात्र वजन उतरते असे म्हणून गेलो होतो. ते वाक्य, बायपासविषयीचे विधान आणि जिवाणूंच्या गुणोत्तराचा परिच्छेद मी आज दुरुस्त केला आहे. जुना मजकूर खोडलेल्या अक्षरांत तिथेच ठेवला आहे, म्हणजे आपली प्रतिक्रिया कशाविषयी होती हे पुढच्या वाचकांना समजेल.