आयसीपी-एमएस असताना हे सेन्सर कशाला? – एका कमेंटला उत्तर

सर, कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की आयसीपी-एमएस, म्हणजे लॅबमधलं धातूंचं प्रमाण अगदी बारीक मोजणारं मशीन, असताना पाण्यातलं शिसं शोधायला हे उजेडावर चालणारे बायोसेन्सर म्हणजे नुसते पेपर छापायचे धंदे, आणि वर त्यात उजेड शोषायला कॅडमियम सल्फाइड, म्हणजे विष शोधायला विषच.

कॅडमियमचं एकदम मान्य. उजेडात ते हळूहळू झिजतं आणि कॅडमियम पाण्यात सुटतं, त्यामुळे वापरून फेकायच्या पट्टीवर ते नकोच. पण म्हणून अख्खी पद्धत बाद कशी? ग्राफिटिक कार्बन नायट्राइड आहे ना, त्यात धातूच नाही आणि निळ्या एलईडीवरही काम करतं.

आता मशीनचं. अमेरिकेतलं फ्लिंट शहर घ्या. एप्रिल 2014 मध्ये नदीचं पाणी सुरू केलं, गंज रोखणारं केमिकल घातलं नाही आणि जुन्या पाइपांतलं शिसं नळाला आलं. तिथे काय मशीनं कमी होती? घोळ झाला सॅम्पल घेण्यात, आदल्या रात्री नळ सोडून पाणी वाहू द्या अशा सूचना लोकांना होत्या, मग शिसं दिसणार कुठून! तेव्हा कारवाईची मर्यादा होती 15 पीपीबी (अब्जात 15 भाग) आणि एका घरच्या सॅम्पलमध्ये निघालं 13,200. असं शिसं पकडायचं तर घरोघरी, पुन्हापुन्हा तपासायला हवं, आणि तेवढं सगळं लॅबला पाठवणं कुणाला परवडणार?

तिथे हा सेन्सर लागतो. इलेक्ट्रोडवर उजेड टाकायचा आणि मोजायचा करंट, त्यामुळे मागचा गोंगाट, म्हणजे नको असलेला सिग्नल, कमी. वर डीएनएझाइम, म्हणजे एन्झाइमसारखं काम करणारा डीएनएचा तुकडा, ब्रेकर आणि जॉइस या संशोधकांनी 1994 मध्ये दाखवलेला, शिसं भेटलं की समोरचा जोडीचा धागा ठरलेल्या जागी कापतो, करंट बदलतो. निदान कुठला नळ आधी बघायचा ते तरी कळेल, पक्का आकडा तुमचं मशीनच देणार.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती तुमच्या कमेंटमध्ये नाही. डीएनएला फक्त विरघळलेलं शिसं कळतं, पाइपातून सुटलेले बारीक कण नाही. कण विरघळवायला अ‍ॅसिड घाला तर डीएनएझाइम चालत नाही, मग पुन्हा न्यूट्रल करा, आणि हे सगळं घरच्या माणसाने करायचं! हे एका छोट्या कार्ट्रिजमध्ये बसलं पाहिजे असं मला फार वाटतं. तुम्ही रोज सॅम्पल डायजेस्ट करता, म्हणजे अ‍ॅसिडमध्ये विरघळवता, असं लिहिलंय, तर कमीत कमी किती अ‍ॅसिडमध्ये भागतं ते प्लीज सांगा.